टिकलीला एकटीचं घर हवं आहे

पत्र: "ठाण्यात पाचपाखाडीला जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आमचं टू बीएचके आहे. घरात मी, हे आणि सासूबाई. दोन मांजरं आधीपासूनची: सोन्या हा आठ वर्षांचा बोका आणि सहा वर्षांची चिंगी. दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालेली, दोघं एकाच वाटीत तोंड घालून जेवणारी. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरखाली टिकली सापडली, तापाने फणफणलेली, एक डोळा चिकटलेला. बरी होईपर्यंत ठेवू म्हणून आणली ती राहिलीच. तिचंही ऑपरेशन केलं. माणसांशी इतकी लाघवी की सासूबाईंची मांडी सोडत नाही. पण चिंगी दिसली की अंगावर जाते. सोन्या एखादी चापट खाऊन बाजूला होतो. स्वयंपाकघराच्या छज्जावर बाहेरचा एक बोका येतो, तेव्हा तर टिकली पिसाळल्यासारखीच करते. हल्ली मारामाऱ्या कमी झाल्यात, टिकली नुसती बाथरूमच्या पॅसेजमध्ये लोळत असते. तरी चिंगी दिवसभर कपाटावरून उतरत नाही आणि आमच्या गादीवर मुतायला लागली आहे. दीर म्हणतात, मासळी बाजारात सोडून द्या, उपाशी मरणार नाही. सासूबाई म्हणतात, लेकीसारखी आणली, आता काढायची कशी? ओळखीतल्या एक प्राणीमित्र बाई म्हणाल्या, 'स्वतःचं मूल असतं तर असं दिलं असतंत का?' त्या रात्री मला झोप लागली नाही. टिकलीला दुसरं घर बघणं हा विश्वासघात आहे का? आणि बघायचं ठरवलं, तरी मांजरांशी न पटणारी मांजर घेणार कोण?"
एक वाचक, ठाणे

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. मांजरांशी न पटणारी मांजर कोण घेणार? ज्याला एकच मांजर पाळायची आहे तो. आणि अशीच माणसं जास्त असतात. दोन-दोन, तीन-तीन मांजरं सांभाळणारे तुमच्यासारखे लोक थोडे. बाकीच्यांना संध्याकाळी दार उघडल्यावर पायात घोटाळणारी एक मांजर हवी असते, तेवढंच. टिकलीच्या ज्या खोडीपायी तुमच्याकडे रोजचं महाभारत चालतं, ती खोड त्यांच्या घरात कधी दिसणारही नाही.

विश्वासघाताचं म्हणाल, तर रस्त्यावरून उचलून, औषधपाणी करून, ऑपरेशन करून, वर्षभर सांभाळून मग तिच्या स्वभावाला साजेसं घर शोधून देणाऱ्याला कुणी विश्वासघातकी म्हणत असेल तर म्हणू दे. त्या बाईंना तुमच्या गादीवर झोपायचं नाहीये. शिवाय कपाटावर बसलेली चिंगीही तुमचीच आहे. तिची बाजू या सगळ्यात कुणी मांडलेलीच दिसत नाही, तुमच्या पत्रातसुद्धा ती फक्त मुतण्यापुरती येते.

म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. गादीवर मुतून चिंगी कुणावर राग काढत नाहीये. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, लघवी करताना दुखतं, आणि मग ज्या लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूच्या पेटीत, दुखलं तो बॉक्स त्यांना नकोसा होतो. तेव्हा आधी तिची लघवी तपासून घ्या. (सोन्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री असाल तसे डॉक्टरकडे निघायचं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.)

आता तुमच्या पत्रातलं ते पॅसेजचं वाक्य. मारामाऱ्या कमी झाल्यात, टिकली नुसती लोळत असते, असं तुम्ही लिहिलंय. खरी गोम तिथेच आहे. लिटर बॉक्स बाथरूममध्ये असणार, पॅसेज जेमतेम तीन फुटांचा आणि त्याच्या तोंडाशी टिकली अंग सैल सोडून पडलेली. आपल्याला वाटतं, काय निवांत जीव आहे! चिंगीला मात्र कपाटावरून दिसतात ते तिच्यावर रोखलेले डोळे, जागचं न हलणारं डोकं आणि शेपटीचं फक्त टोक, हळूहळू हलणारं. मांजरांच्या दादागिरीला आवाज लागत नाही. फिस्कारणं, गुरगुरणं, केस पिंजारणं हा सगळा अजून वाटाघाटी चालू असल्याचा भाग. तुमच्याकडे त्या संपल्या आणि चिंगी हरली, म्हणून शांतता आहे. बाथरूमची वाट बंद, मग राहते तुमची गादी.

टिकलीचंही चुकलं असं नाही. घरातली मांजर मूळ ज्या आफ्रिकेतल्या रानमांजरीपासून आली, ती एकटीने शिकार करणारी आणि आपला इलाका राखून असणारी. बाजारात, कोळीवाड्यात मांजरांचे घोळके दिसतात, पण ते बहुतेक करून आई, मावश्या आणि लेकींचे असतात. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना इतर मांजरांत वाढलं तर पुढे त्याला सोबत सोसते. टिकलीचं ते वय कुठल्या गाडीखाली गेलं, कुणाला माहीत! तुमच्याकडे आली तेव्हा तिच्या लेखी इथे दोन परकी मांजरं होती, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा सुकी जागा नि भरलेली वाटी मिळाली होती. ती ती राखणारच.

तरीही घर शोधायला लागण्याआधी तिला एकदा डॉक्टरला दाखवा. नेहमीच्या लसीपुरतं नाही, नीट तपासायला. दात किडलेत का, कान दुखतोय का, तो चिकटलेला डोळा पूर्ण बरा झालाय का. दुखणाऱ्या मांजराचा हात लवकर उचलला जातो. त्याच खेपेला एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची रक्तचाचणी करून घ्या. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, म्हणजे तुमच्या घरात हा प्रश्न नुसता स्वभावाचा राहत नाही. आणि नव्या घरी देताना हा कागद हातात असला की बोलणं सोपं जातं. नेहमीच्या डॉक्टरकडे सोय नसेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

छज्जावरच्या बोक्याचा बंदोबस्त मात्र आजच करा. टिकली त्याला काचेतून पाहते, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघतं. वांगं म्हणजे अर्थातच चिंगी. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धुरकट फिल्म चिकटवा, ती नसेल तर साधा ब्राउन पेपर लावा. इमारतीतलं कुणीतरी त्या बोक्याला दूध-चपाती घालत असणारच. त्यांना गाठून त्याचंही ऑपरेशन करून घेता आलं तर पार्किंगमधल्या पुढच्या टिकल्या कमी होतील.

आता पुन्हा ओळख करून देण्याचं. टिकलीला तुम्ही आजारी म्हणून आणली आणि बरी झाल्यावर दार उघडलं, असं मी धरून चालते, कारण बहुतेक घरांत तसंच होतं. दोघींना नव्याने भेटवायचं असेल तर आधी पूर्ण तोडायचं. टिकलीला एक बेडरूम द्या, तिचं खाणं, पाणी, लिटर सगळं आत, दार बंद. आठवडाभर तरी दोघींनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. जुन्या पायमोज्याने टिकलीचे गाल पुसा आणि तो मोजा चिंगीच्या वाटीपासून हातभर अंतरावर ठेवा. चिंगीचा तसाच टिकलीकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींचं जेवण, वाट्या रोज थोड्या थोड्या दाराकडे सरकवत. दाराला नाक लावून निमूट जेवायला लागल्या की मग जाळीतून किंवा फटीतून दोन-चार मिनिटांची भेट, तीही जेवतानाच. कुणीही ताठरलं तर एक पायरी मागे. याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. आणि नियमाने तीन मांजरांना चार लिटर बॉक्स हवेत, तेही वेगवेगळ्या जागी. चार बॉक्स मांडल्यावर सासूबाईंनी चालायचं कुठून, हा प्रश्न उरतोच.

मला विचाराल तर तुमच्या घरी हे जमेल असं वाटत नाही. जागा कमी आहे, वर्ष उलटून गेलंय आणि चिंगीने शस्त्रं टाकली आहेत. दीड-दोन महिने मनापासून करून बघा, दोघींना वेगळं ठेवल्याने चिंगीला तेवढी उसंत तरी मिळेल. पण त्याच वेळी टिकलीसाठी घर बघायला लागा. दोन्ही एकदम चालू शकतं. चिंगीचं वजन उतरत असेल, ती जेवत नसेल, तर प्रयोग सोडा आणि फक्त घर बघा.

दीरांच्या सल्ल्याबद्दल मी जरा स्पष्ट बोलणार आहे. चेंदणीला सोडा नाहीतर दिवाळ्याला, प्रत्येक मासळी बाजाराच्या आसपास मांजरांची वस्ती आधीच बसलेली असते. कुठला ओटा कुणाचा, कुठल्या टोपलीखाली कोण झोपणार, सगळं ठरलेलं. जिला तुमच्या हॉलमध्ये एक चिंगी सहन होत नाही, तिला तुम्ही अशा वीस जणींच्या मध्ये सोडणार? मार खाऊन ती पहिल्या रात्रीच तिथून निघेल आणि अनोळखी रस्त्यावर गाडीखाली जाईल, किंवा तुमच्या घराच्या दिशेने चालू लागेल. मासे मिळतील हे खरं, पण तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. आणि पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंडाची रक्कमही त्याच काळातली, पहिल्या खेपेला दहा ते पन्नास रुपये, म्हणून कुणाला धाक वाटत नाही. दीरांना कायदा सांगून उपयोग होणार नाही, पण वीस जणींचं गणित सांगून पाहा.

एखाद्या शेल्टरमध्ये ठेवायचा विचारही येईल. चांगली माणसं चालवत असली तरी शेल्टर म्हणजे एका छपराखाली बरीच मांजरं. टिकलीला नेमकं तेच नकोय. त्यापेक्षा घर मिळेपर्यंत तुमची बंद बेडरूम बरी.

आता मुख्य काम, म्हणजे तिची जाहिरात. इथे प्राणीप्रेमी मंडळी हमखास साखरपेरणी करतात. 'जरा लाजाळू आहे', 'सुरुवातीला वेळ लागेल, मग रुळेल', 'सगळ्यांशी छान राहते'. मग ती दोन मांजरं असलेल्या एखाद्या हौशी घरात जाते आणि पंधरा दिवसांत परत तुमच्या दारात. टिकलीला इतर मांजरं चालत नाहीत हे लपवायचं नाही, वरच लिहायचं. तुमची गाळणी तीच आहे. साधारण असं:

"टिकली. अंदाजे तीन वर्षांची, तीनरंगी, कपाळावर काळा ठिपका. ऑपरेशन झालंय, लसी झाल्यात, लिटर बॉक्सची सवय आहे. माणसांवर जीव टाकते. टीव्ही लागला की मांडीवर येते आणि मालिका संपेपर्यंत उठत नाही. पोटाला हात लावलेला चालत नाही, लावलात तर नखं लागतील. दुसरी मांजर सहन होत नाही. आमच्या घरी दोन आहेत, वर्षभर प्रयत्न केला, जमलं नाही. त्यामुळे जिथे मांजर नाही आणि पुढेही आणणार नाही, अशाच घरी देणार. कुत्र्याबरोबर राहिलेली नाही. खिडक्यांना जाळी हवी. आमच्याकडे येऊन भेटा, आम्हीही तुमच्याकडे येऊ. ठाणे, मुलुंड, नवी मुंबई."

तपशील मी अंदाजाने घातलेत, ते तुमचे भरा. पण असाच एखादा बारीक तपशील हवा, मालिकेसारखा. 'प्रेमळ, खेळकर' हे सगळेच लिहितात आणि वाचणारा पुढे जातो. फोटो दिवसाउजेडी खिडकीजवळ, मांजराच्या उंचीवर बसून काढा. ट्यूबलाइटखाली उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुठलीही मांजर भेदरलेलीच दिसते. एक फोटो सासूबाईंच्या मांडीवरचा जरूर टाका, त्यांचा चेहरा नको असेल तर साडीचा काठ आणि हात पुरे. 'फुकट' हा शब्द कुठेही वापरू नका. भलते फोन त्या शब्दाला लागूनच येतात.

फोन येतील. काही ओळखायला सोपे असतात. जो पहिल्या मिनिटाला 'ब्रीड कुठली?' विचारतो किंवा 'आजच घेऊन जातो, पत्ता पाठवा' म्हणतो, त्याला नम्रपणे नाही. गोडाऊनमध्ये उंदीर झालेत म्हणून हवी असेल, नाही. मुलीच्या वाढदिवसाचं सरप्राइज असेल, तर आधी मुलीच्या आईशी बोला. अवघड जातात ते चांगले लोक. एखादी बाई फार गोड बोलेल, प्रश्नही नेमके विचारेल, घर छान असेल, आणि शेवटी म्हणेल, "आमच्याकडे एक मनी आहे, पण ती अगदी गरीब आहे हो, काही करत नाही." इथेच तुम्ही विरघळाल. गरीब मनी म्हणजे तुमच्या चिंगीची दुसरी आवृत्ती, थोड्याच दिवसांत तीही कपाटावर जाईल. नाही म्हणायला जड गेलं तर त्यांना दुसऱ्या एखाद्या मिळत्याजुळत्या मांजरीचा पत्ता द्या, पण टिकली देऊ नका.

माझ्या मते टिकलीसाठी सर्वात चांगलं घर निवृत्त जोडप्याचं. दिवसभर माणूस घरात, आवाज बेताचे, मांडी मोकळी. एकटं राहणारं नोकरदार माणूसही चालेल. लोक उगाच बिचकतात, पण मांजर दिवसाचा मोठा भाग झोपते. माणूस ऑफिसला गेला म्हणून ती झुरत बसत नाही. मात्र ऐरोलीला किंवा घोडबंदरला भाड्याने राहणारी तरुण मुलं असतील तर घरमालकाचं विचारा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्वच्छ म्हटलंय. घरमालकाचं तसं नाही. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात त्याने प्राणी नकोत असं घातलं असेल, तर बाराव्या महिन्यात टिकली पुन्हा रस्त्यावर. घरमालकाचा होकार मेसेजवर असला तरी पुरे, पण डोळ्यांनी बघा. आणि एक प्रश्न सगळ्यांनाच विचारा: मे महिन्यात गावी गेलात की हिच्याकडे कोण बघणार? ज्याला यावर क्षणभर तरी विचार करावा लागतो तो मला बरा वाटतो. 'बघू की तेव्हा' म्हणणारा नाही.

घर बघायला स्वतः जा, बघायच्या असतात त्या खिडक्या. ठाण्यात कबुतरांपायी बाल्कनीला नायलॉनची जाळी सगळीकडे असते आणि लोक अभिमानाने ती दाखवतात. ती जाळी मांजर दातांनी कुरतडते. जोडाजवळ एक गाठ सुटली की डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. डासांची जाळी तर नखाने फाटते. स्टीलची विणलेली जाळी हवी, किंवा ज्या खिडक्या उघडायच्या त्यांना ग्रिलला घट्ट बांधलेली. मांजर कितीही उंचावरून पडली तरी पायांवर पडते, हे ऐकवणारे भेटतील. पायांवर पडते, आणि जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. विसाव्या मजल्यावरच्या घरात याबाबत भीड ठेवायची नाही. जाळी लागल्यावर द्यायला येते म्हणावं.

मुहूर्ताचंही सांगते. गणपती तोंडावर आलेत. या दिवसांत कुणाच्याही घरी नवी मांजर जाऊ नये. एकतर घर पाहुण्यांनी भरलेलं, दार सताड उघडं, ढोल चालू, नाहीतर सगळे कोकणात आणि घराला कुलूप. तिकडून दिवाळीचे फटाके येतात. घरं आत्तापासून बघा, भेटीगाठी होऊ द्या, पण प्रत्यक्ष देणं अनंत चतुर्दशीनंतर, आणि दिवाळीला निदान तीन आठवडे शिल्लक असतील तरच. तेवढे मिळत नसतील तर सरळ दिवाळीनंतर. ज्याला खरंच हवी आहे तो थांबतो.

द्यायला त्यांच्या घरी जा. 'स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली भेटू, तिथून घेऊन जातो' हे ऐकायचं नाही. स्टेशनच्या गर्दीत कॅरियरचं दार निसटलं तर टिकली तुम्हाला पुन्हा दिसणार नाही. कॅरियर आठ-दहा दिवस आधीपासून घरात उघडा ठेवा, त्यात तिचं जेवण द्या, म्हणजे त्याची धास्ती जाईल. निघताना त्यावर चादर टाका आणि गाडी करून जा. रिक्षाने जवळच जायचं असेल तर चालेल, पण कॅरियर मांडीवर, पायाशी नाही. सोबत तिच्या लिटरची पिशवी, आठवड्याचं खाणं, लसीचं पुस्तक आणि तिची न धुतलेली गोधडी. धुऊ नका, त्या वासावर ती पहिले दिवस काढेल. त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: दुसरी मांजर आणणार नाही, आणि ठेवणं जमलं नाही तर टिकली दुसऱ्या कुणाला न देता तुम्हाला परत देतील. ओळखपत्राची प्रत मागायला लाजू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

त्यांना एवढं समजावून सांगा की पहिले दिवस तिला एकच खोली द्यायची. ती पलंगाखाली जाईल आणि तिथेच बसेल. ओढून काढायचं नाही, शेजारपाजाऱ्यांना दाखवायला बोलवायचं नाही. तीन दिवस घाबरलेली, तीन आठवड्यांत घरात फिरती, तीन महिन्यांत घरची, असा एक ढोबळ हिशोब मांजरं सांभाळणारे सांगतात. तो दर मांजरागणिक थोडा मागेपुढे होतो. एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. पूर्ण दिवस उलटला आणि तिने अन्नाला तोंडच लावलं नाही, तर डॉक्टरला फोन. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि प्रकरण जिवावर बेततं. 'रुसलीय, भूक लागली की खाईल' हे मांजराबाबत चालत नाही.

सासूबाईंचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. त्यांना घर बघायला बरोबर न्या. कुणाला द्यायची यात त्यांचं मत घ्या आणि त्यांनी एखाद्याला नापसंत केलं तर ऐका. जन्मभर माणसं पारखलेली बाई आहे. दिल्यावर महिनाभर भेटायला जाऊ नका, टिकली नव्या जागी रुळत असताना जुना वास आला की गोंधळते. व्हिडिओ मात्र मागवा, त्या रोज विचारतील.

आणि ती गादी. फिनेलने पुसत असाल तर बंद करा. त्यातलं फिनॉल मांजरांना विषारी असतं, पंजाला लागतं आणि चाटण्यातून पोटात जातं. ब्लीचचंही नको, लघवीवर पडलं की डोळे झोंबवणारा वायू सुटतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून भिजू द्यायचं आणि उन्हात वाळवायचं. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हा चिंगीला तो येतच असतो आणि ती त्याच जागी परत जाते. टिकली गेल्यावर एक लिटर बॉक्स बाथरूममधून काढून हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, दोन्ही बाजूंनी निसटता येईल असा. चिंगी आधी रात्री उतरेल, सगळे झोपल्यावर. तेव्हा उठून दिवा लावू नका.